निविदेत एक ओळ वाढवा

प्रति,
राज्यातल्या कार्यालयांसाठी, शाळा-महाविद्यालयांसाठी आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठी संगणक खरेदीच्या अटी लिहिणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही, पण आपलं लिखाण माझ्या चांगलं परिचयाचं आहे. प्रोसेसर अमुक पिढीचा, रॅम इतकी, पडदा इतक्या इंचांचा, तीन वर्षांची जागेवर हमी, नादुरुस्त भाग चोवीस तासांत बदलून मिळावा. हे सगळं मी वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे. मला दिसत नाही. रातांधळेपणापासून सुरुवात झाली आणि बारावीपर्यंत फळा पुसल्यासारखी नजर गेली. गेली चौदा वर्षं मी अंध मुलांना आणि मोठ्यांना संगणक शिकवतो. शिकवतो म्हणजे निम्मा वेळ काय करतो, तर लोकांच्या संगणकात आवाज घालून देतो. गावात कुणाला टीव्हीची छत्री बसवून हवी असली की एक ठरलेला माणूस बोलावतात, तसा आवाजासाठी मी.

पत्राला निमित्त असं. आमच्या जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मागच्या वर्षी 'दिव्यांग वाचक कक्ष' सुरू झाला. चार नवे संगणक, चार चांगले हेडफोन, हाताला लागतील असे टेबलाचे गोल कोपरे, दाराशी उतार. हे मी उपरोधाने लिहीत नाही. उतार खरोखर नीट केलेला आहे, आणि असा उतार मी फार कमी ठिकाणी पायांखाली अनुभवलाय. फीत कापून झाल्यावर मला 'जरा चालवून बघा' म्हणून बसवलं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू झाला, इंग्रजीत बोलू लागला. मी एका मराठी दैनिकाचं पान उघडलं आणि संगणक गप्प झाला. अगदीच गप्प नव्हे. बातमीतले इंग्रजी आकडे आणि मध्येच आलेलं एखादं इंग्रजी नाव तेवढं तो म्हणायचा. मधली सगळी मराठी त्याच्या लेखी कोरी होती. इंग्रजी आवाजाला देवनागरी अक्षर म्हणजे कागदावरचा डाग, तो त्यावरून नुसता पुढे सरकतो.

मी म्हटलं, मराठी आवाज नाहीये. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, अटींमध्ये नव्हता. हे त्याचं बरोबरच होतं. मग कार्यालयातल्या एका साहेबांनी तोड काढली, "हिंदी टाकून द्या ना, लिपी तर एकच आहे."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही गोष्ट कधी लागलेलीच नसेल. संगणक आमच्याशी बोलतो तेव्हा आत दोन वेगळी माणसं कामाला असतात असं समजा. एक स्क्रीन रीडर. पडद्यावर काय आहे, कर्सर कुठे आहे, कुठलं बटण दाबलं, हे तो हेरतो. दुसरा आवाज, म्हणजे मजकुराचा उच्चार करणारं इंजिन. पहिला सांगतो, दुसरा बोलतो. एनव्हीडीए हा आज आपल्याकडे अंधांमध्ये घरोघरी पोचलेला स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांनी सुरू केला आणि तो फुकट आहे. म्हणजे पहिल्या माणसाचा पगार शून्य. अडतं ते दुसऱ्यापाशी. आवाज भाषेगणिक वेगळा लागतो, आणि तो संगणकात आधीपासून असावा लागतो किंवा नंतर घालावा लागतो.

विंडोजमध्ये तो घालायची जागा सेटिंग्जमध्ये आहे. वेळ आणि भाषा, त्यात स्पीच, त्यात आवाज जोडा. ही यादी मला पाठ आहे, जपमाळ असल्यासारखी. हिंदीला हेमंत आणि कल्पना आहेत. भारतीय इंग्रजीला हीरा आणि रवी. तमिळला वल्लुवर. मराठी भाषा संगणकाला जोडता येते, मेनू मराठीत करता येतात, कीबोर्ड मिळतो. आवाज त्या यादीत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते.

आता गंमत बघा. विंडोज बनवणाऱ्या त्याच कंपनीकडे, मायक्रोसॉफ्टकडे, मराठी आवाज आहे. एज ब्राउझरमध्ये 'मोठ्याने वाचा' दाबलं की आरोही आणि मनोहर नावाचे दोन आवाज येतात, आणि ते उत्तम आहेत. मी पहिल्यांदा आरोहीकडून एक लेख ऐकला तेव्हा हेडफोन काढून बायकोला दिले. पण ते आवाज राहतात दूरच्या सर्व्हरवर. इंटरनेटवरून मजकूर तिकडे जातो आणि आवाज इकडे येतो. सलग लेख ऐकायला ठीक, पण स्क्रीन रीडरला नेमके तिथेच ते निरुपयोगी. आम्ही एकेक अक्षर टाइप करतो आणि एकेक अक्षर ऐकतो. बाण दाबत ओळीओळीतून धावतो, पुढचं बटण दाबताच मागचं वाक्य तोडून नवं सुरू व्हावं लागतं. अर्ध्या सेकंदाचा उशीरसुद्धा तिथे चालत नाही. शिवाय बँकेचा खातेक्रमांक नि पत्नीच्या आजाराचा रिपोर्ट वाचायला आधी परक्या सर्व्हरवर पाठवायचा? आणि ग्रंथालयाचं इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, हे आपल्याला मी काय सांगू.

म्हणून आमच्यासाठी उरतो ई-स्पीक. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एका ब्रिटिश संगणकासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमपासून हे इंजिन वाढत आलं, २०१५ नंतर त्याची नवी शाखा स्वयंसेवक सांभाळतात. त्यात कुणाचाही ध्वनिमुद्रित आवाज नाही. नियमांवरून स्वर आणि व्यंजनं घडवली जातात, त्यामुळे तो काही मेगाबाइटांत मावतो आणि मराठीसुद्धा बोलतो. कोंकणीही बोलतो. गोव्यातल्या माझ्या एका मित्राला संगणकावर मायभाषेत ऐकायला तेवढा एकच पर्याय आहे. ई-स्पीकचा आवाज कसा आहे? पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी सर्दी झालेला माणूस बोलतोय असा. मी स्वतः तोच वापरतो, आणि कितीतरी पटीने वेगात. हे पत्रही त्याच्यावरच तपासलं. ज्याला लहानपणापासून सवय आहे त्याला तो घोड्यासारखा उपयोगी पडतो. पण ज्यांची नजर साठीनंतर गेली त्यांना?

त्यांच्यातल्या एका बाईंबद्दल सांगतो. निवृत्त शिक्षिका, काचबिंदूने दृष्टी गेलेली. उभं आयुष्य मराठी शिकवलं. त्या कक्षात त्या पहिल्याच आठवड्यात आल्या, कारण उद्घाटनाची बातमी मुलाने त्यांना वाचून दाखवली होती. तोवर संगणकात 'लिपी एकच' या न्यायाने हिंदी आवाज बसला होता. बाईंना ज्ञानेश्वरांवरचा एक लेख ऐकायचा होता. हेडफोन लावले, मी शेजारी. आवाजाने सुरुवात केली, "ग्यानेश्वर". बाई काही बोलल्या नाहीत. पुढे 'विज्ञान' आलं, ते 'विग्यान' झालं. 'मैत्री'ची 'मॅत्री' झाली, कारण हिंदीत ऐ आणि औ यांचा उच्चार आपल्यासारखा पसरट जोडस्वर राहिलेला नाही. 'कौलारू' चक्क 'कॉलारू'. मग मजकुरात बोलीतली वाक्यं आली आणि कहर झाला. आपण 'केलं', 'झालं', 'असं' लिहितो, तिथलं टिंब नाकातल्या उच्चाराचं नसतं, शेवटचा अ लांबवायचा असतो. हिंदी आवाजाला हे कुठून ठाऊक असणार? तो 'असम् झालम्, तसम् केलम्' अशा धर्तीवर चालू लागला. भटजी झोपेत बडबडतोय असं वाटायला लागलं. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "हा माणूस कुठला?" मी म्हटलं, माणूस नाही, संगणक आहे. त्या म्हणाल्या, "मग त्याला मराठी शिकवायचं राहिलं का?" आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. कक्षाच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'लाभ घेतला' असं लिहिलेलं असेल.

तेव्हा पहिली तक्रार हीच, की लिपी एक म्हणजे भाषा एक, असं आपण गृहीत धरता. रोमन लिपी एकच आहे म्हणून इंग्रजी मजकूर कुणी फ्रेंच आवाजात ऐकवत नाही. देवनागरी अक्षर हा नुसता अंगरखा आहे. हिंदी आवाजाला ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, शब्दातला कुठला अ गिळायचा, सगळं हिंदीचं ठाऊक असतं. आमच्या 'सिंह'मधला व्ह त्याच्याकडे नाही. 'ॲल्युमिनियम'मधला ॲ काही आवाज गाळतात, काही चुकवतात, कारण हिंदी लेखनात हे अक्षरच चालत नाही. ळ कुठल्या आवाजात नीट येतो, कुठल्यात त्याचा ल होतो, आणि मग 'वेळ संपली' म्हणजे मांडवावरची वेल वाळली की काय असं वाटतं.

आकड्यांचं तर विचारूच नका. हिंदी आवाज ४९ ला 'उनचास' म्हणतो, ७९ ला 'उन्यासी', ८९ ला 'नवासी'. ज्याची शाळा मराठीत झाली त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला 'नवासी' ऐकून नव्वदीच्या आसपासचं काहीतरी कळतं, नेमकं काय ते कळत नाही. त्याला सातबाऱ्यावरचं क्षेत्र ऐकायचं असतं हो. तिथे अंदाज कामाचा नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी पासबुकातली शिल्लक तीनदा ऐकली आणि शेवटी नातवाला फोन लावला. संगणक कशासाठी घेतला होता, तर नातवाला फोन लावावा लागू नये म्हणून.

खरं तर मराठीसाठी मराठी आवाजसुद्धा सोपा नाही, हेही कबूल करतो. आपली लिपी काही गोष्टी लपवते. 'तो जात आहे' मधला जात आणि 'जात विचारू नका' मधली जात लिहायला सारखीच, पण पहिला ज दाताशी, दुसरा टाळूशी. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि कुठे कुठला, हे अक्षरावरून कळत नाही. शब्द पाहावा लागतो, कधी वाक्यही. 'कै.' दिसलं की 'कैलासवासी' म्हणायचं, 'दि.' ला 'दिनांक', 'रु.' ला 'रुपये'. यासाठी उच्चारकोश लागतो. तो करायला भाषेची जाण असलेली माणसं लागतात आणि ती राज्यात आहेत. २०२४ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या विद्यार्थ्यांना देण्याजोगं याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही.

दुसरी तक्रार कुलपाची आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण चौदा वर्षांत मला सगळ्यात जास्त छळलं ते हिने. सार्वजनिक संगणकांना ॲडमिन पासवर्ड असतो, त्याशिवाय त्यात नवं काही बसवता येत नाही. असावाच. पण तो ग्रंथपालाकडे नसतो, कार्यालयाकडे नसतो, तो असतो पुरवठादाराकडे, आणि पुरवठादार असतो दुसऱ्या शहरात. मी पेनड्राइव्हवर आवाज घेऊन जातो आणि परत घेऊन येतो. एका ठिकाणी पासवर्ड मिळाला, मोठ्या हौसेने ई-स्पीकची मराठी लावली, वेग-पट्टी ठरवून दिली. दुसऱ्या दिवशी सगळं गायब! त्या संगणकांत असा प्रोग्रॅम होता की रोज बंद करून चालू केलं की संगणक मूळ स्थितीत जातो. व्हायरसवर उपाय म्हणून. आमचा आवाजही त्याने व्हायरसातच जमा धरला.

त्यातच आणखी एक घोळ. विंडोजमध्ये आवाजांची दोन कपाटं आहेत, एक जुनं आणि एक नवं. सेटिंग्जमधून घातलेला आवाज नव्या कपाटात जातो. काही जुने वाचन-प्रोग्रॅम फक्त जुनंच कपाट उघडतात, त्यांना नवा आवाज दिसतच नाही. विक्रेता सांगतो आवाज टाकलाय, वापरणारा सांगतो दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून अट लिहिताना 'आवाज असावा' एवढं पुरत नाही. 'स्क्रीन रीडरमध्ये चालवून दाखवावा' असं लिहावं लागतं.

तिसरी गोष्ट नोकरीची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. माझे काही विद्यार्थी अशा जागांवर लागले. कायद्याचे उपकार आहेत. पण राज्याचा कारभार मराठीत करायचा हेही कायद्यानेच ठरलंय, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने. म्हणजे त्या मुलाने टिपणी मराठीत लिहायची, मराठीत आलेलं पत्र वाचायचं, आणि त्याच्यापुढे संगणक ठेवायचा तो इंग्रजीत बोलणारा. माझा एक विद्यार्थी कार्यालयात रुजू झाला तेव्हा पहिले तीन महिने त्याला काम म्हणून टेलिफोन दिला होता. का, तर संगणक त्याच्याशी बोलत नाही. मी जाऊन आवाज घातला, तर साहेबांचा आश्चर्याचा फोन आला, "अहो, हा तर टाइप करतो!" टाइप तो पहिल्या दिवसापासून करत होता. मुकं यंत्र होतं, मुलगा नव्हता.

त्याच्यापुढे आता येते ती फाइल. काही कार्यालयांतून अजून कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत मजकूर येतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात. त्यात लिहिलेला 'मराठी' हा शब्द संगणकाला 'ई, जे, के, बी, एच' असा असतो, आणि तो तसाच वाचतो. जगातला उत्तम मराठी आवाज आणून बसवला तरी तो हे वाचू शकणार नाही. आणि कागद स्कॅन करून घातलेली पीडीएफ म्हणजे आमच्यासाठी भिंतीवर टांगलेला फोटो.

चौथी तक्रार एका प्रश्नाची आहे, जो मला दर बैठकीत विचारला जातो. "पण असे किती लोक येतात?" २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दृष्टीचं अपंगत्व असलेले सुमारे पावणेसहा लाख लोक होते. आपल्या कक्षात त्यातले किती येतात, हे त्या बाईंना विचारा.

'फोन घ्या की, फोन बोलतो मराठी,' असंही सुचवलं जातं. बोलतो. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज उतरवून घेता येतो, तो इंटरनेटशिवाय चालतो आणि बऱ्यापैकी चांगला आहे. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, इंटरनेटशिवाय चालणारा मराठी आवाज बनवणं अशक्य नाही. दोन, जे पाचपंचवीस हजारांच्या फोनला जमतं ते आपण खरेदी केलेल्या संगणकाला जमायला हरकत नसावी. फोनवर बातम्या ऐकाव्यात, गप्पा माराव्यात. वेतनपट फोनवर करायला सांगणारं कार्यालय मला दाखवा.

पैसे देऊन विकत घेता येणारे मराठी आवाजही आहेत, ते एनव्हीडीएला जोडता येतात. सरकारी पैशातूनही काम झालंय. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांचे आवाज तयार केले, त्यात मराठी होती. २०२२ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पातही मजकुराचं मराठी बोलणं होतं. पण प्रयोगशाळेत तयार झालेला आवाज आणि दोनदा क्लिक करून कुणाच्याही संगणकात बसणारा आवाज यांच्यामध्ये एक लांब पल्ला असतो. कुणीतरी तो बांधून द्यावा लागतो, दर नव्या विंडोजबरोबर तपासावा लागतो, तक्रार घ्यायला दूरध्वनीवर बसावं लागतं. त्या कामाला शोधनिबंधाचं श्रेय नाही, म्हणून ते रेंगाळतं. कंपन्या म्हणतात मागणी नाही. मागणी कोण करतं? मी एकटा संगणक घेतो, वर्षाला फार तर एक. आपण एका खरेदीत शेकड्यांनी घेता. आपण लिहिलं की 'कीबोर्डवर देवनागरी अक्षरं हवीत', तर ती येतात. आपण लिहिलेली ओळ ही मागणी असते. बाकी सगळे आमचे विनंतीअर्ज.

कायद्याचा दाखला हवा असेल तर तोही देतो, पण थोडक्यात, कारण कायदा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. २०१६ च्या कायद्याचं ४२ वं कलम माहिती आणि विद्युत उपकरणं आम्हाला वापरता येतील अशी असावीत म्हणतं. माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ हे २०२३ मध्ये नियमांत आलं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या रात्री आमच्या गावात फटाके वाजले, ते मी ऐकले.

आता मागण्या. नव्या योजना, नवं महामंडळ, समिती असलं काही मागत नाही.

१. पुढच्या खरेदीपासून निविदेत आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या अटींत ही ओळ घाला: "प्रत्येक संगणकात इंटरनेटशिवाय चालणारा किमान एक मराठी आवाज बसवलेला असावा आणि तो स्क्रीन रीडरमध्ये चालवून दाखवावा." मसुदा तयार आहे, फक्त चिकटवायचा आहे. नवा आवाज मिळेपर्यंत ई-स्पीकची मराठी तरी लावलेली असू द्या. ती फुकट आहे, तिला निधीचं शीर्षक लागत नाही.

२. माल ताब्यात घेताना एका अंध व्यक्तीला बोलवा आणि संगणकाकडून एवढं वाक्य वाचून घ्या: "आज्ञा झाली तसं मैत्रिणीने कौलारू घरातून ४९ पैसे आणि ॲल्युमिनियमचं पातेलं वेळेत आणलं, तो जात असताना त्याची जात कुणी विचारली नाही." वाक्याला अर्थ फारसा नाही. पण हिंदी आवाज यात निदान सहा ठिकाणी पडतो, आणि मराठी आवाज किती मराठी आहे तेही कळतं. वाचलं तर पावतीवर सही करा.

३. आवाज, त्याचा वेग आणि स्क्रीन रीडरच्या सेटिंग्ज बदलायचा अधिकार त्या जागेच्या ग्रंथपालाला किंवा कार्यालयाला द्या. संगणक रोज मूळ स्थितीत नेणारा प्रोग्रॅम ठेवायचा असेल तर ठेवा, पण मूळ स्थितीत मराठी आवाज असू द्या.

४. राज्याच्या पैशातून एक मराठी आवाज आणि त्याचा उच्चारकोश खुल्या परवान्यावर तयार करून घ्या, की तो कुणालाही उतरवता यावा, सुधारता यावा. पुरुषाचा एक, बाईचा एक. निवेदकांची कमतरता या राज्यात कधीच नव्हती. देखभालीसाठी पाच वर्षांची तरतूद आधीच करा, नाहीतर उद्घाटनानंतर दोन वर्षांत तो नव्या विंडोजवर मुका होईल.

५. आपली स्वतःची कागदपत्रं युनिकोडमध्ये द्या, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच साठवलं जाईल; कृतिदेवमध्ये किंवा स्कॅन करून नव्हे. आणि संकेतस्थळाच्या पानाला आत भाषेची खूण असते, तिथे मराठीची खूण घाला. ती खूण पाहूनच स्क्रीन रीडर आवाज बदलतो. वाचणाऱ्याला ती दिसत नाही म्हणून बनवणारा ती विसरतो. आम्हाला मात्र नेमकी तीच दिसते.

मला माहीत आहे की हे पत्र वाचून आपल्यापैकी कुणी म्हणेल, हा विषय माहिती-तंत्रज्ञानवाल्यांचा आहे. ते म्हणतील, भाषावाल्यांचा. ते दिव्यांग कल्याणाकडे पाठवतील आणि तिथून ते पुन्हा खरेदीकडे येईल. म्हणूनच पत्ता सुरुवातीलाच लिहिलाय. अट लिहिणारा माणूस कुठल्याही विभागाचा असो, तो एकच असतो, आणि त्याच्या संगणकावर ती निविदा आत्ता उघडी असते.

कळावे,

आपला,
एक दृष्टिहीन संगणक प्रशिक्षक

ता. क. – त्या चार संगणकांचा ॲडमिन पासवर्ड अजून आलेला नाही. मी दर मंगळवारी अकरा ते एक ग्रंथालयात असतो. ई-स्पीकची मराठी लावायला एका संगणकाला दहा मिनिटं लागतात, पेनड्राइव्ह खिशात आहे. बाईंचं घर ग्रंथालयापासून दोन गल्ल्या सोडून आहे. पासवर्ड आला की मीच त्यांना सांगायला जाणार आहे.